चार माणसांची आगोट

७ मे, बुधवार. सकाळी ९

मेडिकलवाल्याने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. चार महिने कोरे गेले. मागच्या तारखा टाकून लिहिणं बरं नव्हे, म्हणून आजपासून.

कारण असं की काल टीव्हीवर खाली लाल पट्टी होती. पुन्हा साथ येणार? पुढे प्रश्नचिन्ह होतं. मी प्रश्नचिन्ह धरत नाही. मागच्या वेळीही आधी प्रश्नचिन्हच होतं.

पावसाआधीची आगोट दरवर्षी भरावीच लागते. तांदूळ, सुकी मासळी, मीठ, मसाला, चार महिन्यांचं सगळं घरात आलं पाहिजे. या वर्षी तीच साथीच्या अंदाजाने भरायची, एवढाच फरक.

माणसं चार. मी, आदेश, प्रतिक्षा, दुर्वा. आदेशची कंपनी त्याला रोह्याहून गुजरातला पाठवते आहे, दहेजला. १६ जूनला हजर व्हायचं आहे. पण साथ आली तर कोण कुठे जातंय? कंपन्या बंद होतील. रोह्याची भाड्याची जागा ते सोडताहेत. म्हणजे तिघं पेणलाच येणार. त्यांना इथे काही कमी पडू नये एवढाच माझा हेतू आहे.

साथ यावी असं मला अजिबात वाटत नाही. हे लिहून ठेवते.

निश्चय : टीव्ही दिवसातून दोनदाच. आदेशला एकच फोन. कोणाला घाबरवायचं नाही.

संध्याकाळी ६

टीव्ही पाच वेळा लावला. त्यात तीन वेळा आवाज बंद होता, ते धरत नाही. आदेशला फोन दोन. दुसरा त्याने उचलला नाही, म्हणजे एकच.

९ मे, शुक्रवार

यादी केली. तीन पानं झाली.

ह्यांची यादी नसायची. हे एसटीत कंडक्टर होते. मागच्या पडवीत उभे राहून एकेक वस्तू पुकारायचे. तांदूळ आला? पुढे. वाल आले? पुढे. चिंच? चिंच कुठे बसलीय? सगळं चढलं की दाराच्या चौकटीवर दोनदा थाप मारायचे. डबल बेल. म्हणजे आता पाऊस सोडा.

वाळवणं आणि निवडणं माझ्याकडे, उचलणं आणि मांडणं ह्यांच्याकडे. एकतीस वर्षं असंच होतं. गेली तीन वर्षं मी पुडीतलंच मीठ आणते, गोणी नाही. मांडणीची दृष्टी ह्यांना नव्हती असं माझं मत आहे. मिठाची गोणी दरवर्षी मोरीजवळ, लाकडी पाटावर. घरात पाऊल ठेवावं तिथे मीठ. या वर्षी मांडणी विचार करून होईल.

वाचनालयातून साथीच्या रोगांवर एक जाड पुस्तक आणलं. माझी शाळा सातवीपर्यंत. वाचायला लागले ते लोक एसटीत सीटवर टाकून जायचे त्या पेपरांवरून. हे रोज पिशवी भरून आणायचे. कोणाचं पान तीन, कोणाचं पान सात. बातमीला सुरुवात नसली तरी मला चालते. या पुस्तकाची शेवटची पानं नाहीत. साथ कशी थांबली ते कळणार नाही. मला सध्या पहिला भाग लागणार आहे.

१२ मे, सोमवार

धोंडुबाई आली. खाडीकडची आहे, वीस वर्षं आमच्या आळीत सुकी मासळी घेऊन येते. चार माणसांची चार महिन्यांची सुकट, बोंबील आणि जवळा मागितला. तिने टोपली उतरवली आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, आवरी सुकट कनाला गो बाय? लगीन हाय का घरान?

मी म्हटलं, साथ येणार आहे. ती म्हणाली, असा वंगाळ नको बोलू. मागच्या टायमाला दोन महिने टोपली उचलली नाय मी. आन तू एकली बाई, आवरी खाशील कवा?

मी सांगितलं, चार माणसं आहेत. तिने दारातून आत डोकावून पाहिलं.  वरून दोन मुठी जवळा जास्त टाकला.

तिला माझं म्हणणं पटलं असावं.

१४ मे, बुधवार

मोरूशेठच्या दुकानात. कडवे वाल, तूरडाळ, तेल, साबण, पोहे. पोह्यांना साथीत फार महत्त्व आहे, गॅस लागत नाही. मोरूशेठने विचारलं, किती माणसांचं? मी पाच म्हणाले. चुकून. त्याने पाचाचं मोजायला घेतलं. बदलायला सांगितलं नाही, त्याचं काम वाढलं असतं.

तोंडाला बांधायच्या मास्कचा खोका मागितला. मोरूशेठ म्हणाला, काकू, तो माल आता कोण ठेवतो? मी म्हटलं, ठेवा, पुढच्या महिन्यात मिळणार नाहीत. तो हसला. मागच्या वेळीही तो असाच हसला होता आणि नंतर एका साबणासाठी लोकांच्या रांगा लावत होता.

घरी येऊन कपाटात पाहिलं. पाच वर्षांपूर्वीची सॅनिटायझरची बाटली आहे, अर्धी. वरच्या पट्टीवर ह्यांच्या अक्षरात लिहिलंय : पिऊ नये.

१६ मे, शुक्रवार

शेजारची रिझवाना आली. तिचा नवरा फारुख कुवेतला असतो, ती आणि सासू इथे. बाहेरच्या खोलीतली पोती पाहून म्हणाली, गो वैनी, दुकान टाकतेस का काय? मला आधी सांग, मोरूशेठची उधारी बंद करते.

मी तिला नीट समजावलं. ती ऐकून घेते, तिचा स्वभाव चांगला आहे. सगळं ऐकून म्हणाली, व्हय, पण आदेशचं सामान ट्रकात चढतंय असं प्रतिक्षा सांगत होती फोनवर.

चढू दे. उतरवताही येतं.

तिला मागच्या वेळची आठवण करून दिली. आदेश आणि प्रतिक्षा दुर्वाला घेऊन आठ दिवसांसाठी आले होते, दुर्वा अडीच महिन्यांची होती. इकडे बंद झालं आणि ती पंच्याहत्तर दिवस राहिली. एसटी डेपोत उभी. हे घरी. तोवरच्या संसारात हे सलग आठ दिवसही घरी नव्हते. पहिला आठवडा उगीच दारात उभे राहायचे. मग दुर्वाला मांडीवर घेऊन तिला थांबे ऐकवायचे. वडखळ, गडब, कासू, नागोठणं. ती नागोठण्याला झोपायची.

रिझवाना म्हणाली, तवा किती माणसं मेली गो.

मेली. मला माहीत आहे. वाईटच दिवस होते ते.

१८ मे, रविवार. दुपारी ४

आदेशला फोन. त्याला योजना सांगितली. तो म्हणाला, आई, तशी काही साथ नाहीये, साधा ताप आहे, डॉक्टर सांगताहेत. मी म्हटलं, ठीक आहे. तो म्हणाला, ठीक आहे म्हणजे तू ऐकलं नाहीस. मी म्हटलं, ऐकलं.

नंतर आठवलं, त्याला मिक्सर कुठल्या खोक्यात टाकला ते विचारायचं होतं. साथीत दोन मिक्सर लागतील. परत फोन केला. मग प्रतिक्षाला केला. हा तिचा फोन, वेगळा धरायचा.

२० मे, मंगळवार

आजचा दिवस मोठा. मांडणी झाली.

मागची पडवी रिकामी केली. ती आता विलगीकरणाची खोली. जो आजारी पडेल तो तिथे सात दिवस. खाट, बादली, मग, वाजवायला थाळी आणि चमचा. पुस्तकात अशीच व्यवस्था दिली आहे, फक्त तिथे जहाज आहे.

पडवी रिकामी करायची म्हणजे मीठ हलवणं आलं. या वर्षी मिठागरातून दोन गोण्या मागवल्या, खडेमीठ. नियम असा केला : लवकर लागणारी वस्तू खाली, उशिरा लागणारी वर. मीठ नासत नाही, दोन वर्षंही टिकतं. म्हणून मीठ सगळ्यात वर, माळ्यावर. त्याच्या खालच्या फळीवर तांदूळ. तांदळाखाली वाल आणि मासळीच्या टोपल्या. सगळ्यात खाली तिघांच्या गाद्या, कारण त्या पहिल्या दिवशीच लागणार.

हमाल म्हणाला, काकू, मीठ वर? मी म्हटलं, वर. तो दुसऱ्यांदा म्हणाला, वर? मी नियम सांगितला. तो वर घेऊन गेला.

सगळं चढल्यावर चौकटीजवळ उभी राहिले. थाप मारली नाही. दार तसंच होतं.

२१ मे, बुधवार

पाऊस. मे महिन्यात. कालच्या दीडशे पापडांची खाट उचलून आत आणेपर्यंत पापड एकमेकांना चिकटले. पंख्याखाली ठेवले. संध्याकाळी रिझवानाने उचलून पाहिले तर सगळ्यांचा मिळून एकच पापड झाला होता. ती म्हणाली, बरा हाय वैनी, चार माणसांना एक पुरल.

हा वळवाचा पाऊस आहे. दोन दिवसांत उघडेल.

२५ मे, रविवार

उघडला नाही. टीव्हीवर मात्र आकडा वाढला. मुंबईत वाढला, ठाण्यात वाढला. आपल्याकडे म्हणण्यासारखं काही नाही. आपल्याकडे नीट मोजत नसावेत.

रोह्याला जाऊन आले. गाडीत कासूला एक गृहस्थ चढले, समोर बसले आणि नागोठण्यापर्यंत खोकत होते. मी मास्क लावला आणि ताप आहे का असं विचारलं. ते म्हणाले, काकू, तंबाखू हाय, पायजे का?

आदेशच्या घरात खोकीच खोकी. भिंतीवर फोटोच्या जागी चौकोन उमटलेले. दुर्वाने तीन शिंका दिल्या. मी पिशवीतून थर्मामीटर काढला. ९८.४. पुन्हा लावला. ९८.४. आदेशला सेल बदलायला सांगितले. ९८.४. थर्मामीटर स्वस्तातला आहे.

प्रतिक्षा म्हणाली, आई, खोक्यांची धूळ आहे ती. मग टेप लावता लावता म्हणाली, आई, तुम्ही चला ना आमच्याबरोबर. तिकडे क्वार्टरला दोन खोल्या आहेत. दुर्वाला शाळेतून आणायला कोणी तरी लागेल, मी बाई ठेवण्यापेक्षा तुम्ही असलात तर किती बरं.

मी म्हटलं, मला कसं येता येईल? सामान कोण बघणार?

ती म्हणाली, कोणाचं सामान?

मी म्हटलं, तुमचंच.

तिने टेप दाताने तोडली. मग बराच वेळ खोकंच बंद करत होती. सून चांगली आहे. तिला साथीचा अंदाज नाही एवढंच.

येताना आदेश स्टेशनवर आला. म्हणाला, आई, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मी म्हटलं, हो, मार्चमध्ये झाली. त्याला आणखी काही बोलायचं होतं असं वाटलं. गाडी आली.

२८ मे, बुधवार

टीव्ही चार वेळा. आकडा वाढला. चांगलं.

वरची ओळ चुकून तशी लिहिली गेली. आकडा वाढला, काळजी वाटली, असं वाचावं.

१ जून, रविवार

पाऊस रोज. सुकटीला ऊन दाखवायचं राहिलं. गॅसच्या शेगडीशेजारी टोपली ठेवून पाहिली. रिझवानाची सासू नमाज सोडून दारात आली आणि काय मेलंय असं विचारून गेली.

मोरूशेठला विचारलं, शाळा-बिळा बंद होणार असं काही कानावर आलं का? तो म्हणाला, काकू, माझ्या दुकानात पाट्या आणि छत्र्या खपताहेत. शाळा जोरात सुरू होणार.

४ जून, बुधवार

टीव्हीवर पट्टी बदलली. आता पट्टीवर पुराची बातमी आहे, प्रश्नचिन्हाशिवाय.

तांदळाला वास येतोय. ओला वास. खिडकी उघडी ठेवली.

फोन : आदेशला एक. एकच. त्याने नंतर मला दोन केले. १४ तारखेला निघताहेत, शनिवारी. रस्त्यात पेणला थांबून जेवून पुढे जातील. मी म्हटलं, जेवूनच का, बघू तेव्हा काय परिस्थिती असते ते. तो म्हणाला, आई.

८ जून, रविवार

सकाळी गादीवर हात ठेवला तर ओला. वर पाहिलं. फळीवरून थेंब पडतोय. वालाच्या टोपलीत, तिथून मासळीत, तिथून दुर्वाच्या गादीवर. म्हणजे कौल फुटलं. पातेलं ठेवलं. अर्ध्या तासाने तांदळाच्या पोत्याखालूनही धार. दुसरं पातेलं. मग परात.

गडबच्या बाबाजींना निरोप दिला. आमची कौलं तेच शाकारतात, ह्यांच्या ओळखीचे.

रिझवाना येऊन पातेली पाहून गेली. म्हणाली, वैनी, बाहेर तर पाऊस थांबलाय. मी म्हटलं, मुरलेलं पाणी असेल.

९ जून, सोमवार

बाबाजी आले. शिडी लावून कौलांवर चढले. पाऊण तास वर होते. उतरून म्हणाले, वैनी, एक कौल फुटलेला नाय, मांजर पन गेलेला नाय. मी म्हटलं, मग पाणी कुठून येतंय? तुम्ही नीट पाहिलं नसेल. ते आत आले. फळीखाली उभे राहिले, थेंबाखाली बोट धरलं आणि जिभेला लावलं.

म्हणाले, वैनी, पावसाचा पानी खारट नसतो. वर काय ठेवलंव?

मी म्हटलं, मीठ.

ते शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. खांदे हलत होते. म्हणाले, कंडक्टर असता तर मिठाला वर चढवून घेतला नसता. खालीच उतरवला असता.

मी हसले नाही. मग तेही थांबले.

मीठ पावसात पाणी सोडतं हे मला माहीत आहे. इथे कोणाला माहीत नाही? पण मला माहीत होतं ते बरणीतलं. गोणीचं खातं ह्यांचं होतं. मोरीजवळ, पाटावर, मोरीकडे जरासा उतार देऊन. एकतीस वर्षं पाय लागतो म्हणून मी त्यांना बोलत होते. त्यांनी एकदाही सांगितलं नाही की का. किंवा सांगितलं असेल. मी पेपर वाचत असेन.

बाबाजींनी दोन्ही गोण्या उतरवल्या. म्हणाले, आता घरात ठेवू नको, दे, माडांच्या बुडात टाकतो. मी म्हटलं, सगळं न्या. बरणीत थोडं भरून ठेवू का असं त्यांनी विचारलं. मी सगळं न्या असंच म्हटलं.

तांदूळ खाली काढला. एक पोतं भिजून दगड झालंय. दुसरं वरून बरं आहे. वालांना कोंब आलेत, खारट पाण्यातही. मासळी आधीपासूनच गेलेली होती. गाद्या भिंतीला उभ्या करून ठेवल्या.

ते गेल्यावर थेंबाखाली मीही बोट धरलं. खारटच होतं. खात्री करून घ्यावी म्हणून.

१० जून, मंगळवार

योजना मुळात बरोबर होती. हवामानाने घोटाळा केला.

१४ जून, शनिवार. संध्याकाळी ५

आदेश, प्रतिक्षा, दुर्वा अकराला आले. गाडी खचाखच. टपावर दुर्वाची सायकल बांधलेली.

दुसऱ्या पोत्यातला तांदूळ सात पाण्यांनी धुवून भात लावला होता. वरण, वालाचं बिरडं. कोंब आलेच होते म्हणून बिरड्याचं सुचलं. दुर्वाने पहिला घास घेतला आणि म्हणाली, आजी, भात खारट आहे. आदेश म्हणाला, गप खा. मग त्याने खाल्ला आणि तांब्याभर पाणी प्यायला. प्रतिक्षाने दोनदा घेतला. तिने घ्यायला नको होता.

जेवणानंतर आदेश घरभर फिरला. विलगीकरणाच्या खोलीत उभा राहिला. थाळी आणि चमचा उचलून खाली ठेवला.  मीच सांगितलं, ही आजारी माणसाची खोली. तो म्हणाला, हो, कळलं.

निघताना प्रतिक्षाने गाडीचं मागचं दार उघडून दाखवलं. खोकी, पिशव्या, कुकर, आणि मधे एक माणूस बसेल एवढी जागा. उशी टाकलेली. म्हणाली, आई, दोन साड्या घ्या आणि बसा. बाकीचं मी नंतर बघते.

दुर्वा आतून म्हणाली, आजी, मी थांबे सांगते, बस.

मी म्हटलं, सुकटीला ऊन दाखवायचंय.

पाऊस पडत होता. आम्ही सगळे पावसातच उभे होतो.  मग प्रतिक्षाने उशी उचलली आणि त्या जागेवर पाण्याचा कॅन ठेवला.

आदेशने बसायच्या आधी गाडीच्या टपावर हाताने दोनदा थाप मारली. त्याला सवय आहे, लहानपणापासून. गाडी गेली.

दुर्वाचा ताप बघायचा राहिला.

१५ जून, रविवार

फोन आला, पोचले. फ्लॅटला गॅलरी आहे.

सुकट फेकली. मिठाची बरणी रिकामी झाली, मोरूशेठकडून पुडी आणायची. रिझवाना म्हणाली, मी पन आनायची हाय, एकत्र जाऊ. पाऊस जास्त होता, गेलो नाही.

टीव्ही लावला नाही.

१७ जून, मंगळवार

सकाळपासून शिंका. घसा. अंग तापलेलं. थर्मामीटर ९९.८. थर्मामीटर चांगला आहे.

नियमाप्रमाणे विलगीकरणात गेले. खाट पडवीत, पाय मोरीकडे, उतारावर. थाळी आणि चमचा उशाशी. एकदा वाजवून पाहिलं. आवाज घरभर जातो.

१८ जून, बुधवार

विलगीकरणाचा दुसरा दिवस. घरात दुसरं कोणी नाही, त्यामुळे नियम पाळायला सोपं आहे. चहा करायला स्वयंपाकघरात जाताना मास्क लावते.

हे गेले त्या दिवशी ह्यांना ताप नव्हता. ड्युटीवरून आले, याच पडवीत बसले, चहा मागितला. चहा उकळायला लागला तोवर गेले. मी कप घेऊन आले. एवढंच झालं. साथीचा काही संबंध नव्हता. इतके दिवस लिहायचं राहिलं होतं, म्हणून लिहिलं.

१९ जून, गुरुवार. दुपारी १२

महत्त्वाचं.

साडेअकराला रिझवानाने पेज आणली. मी नियम सांगितला म्हणून भांडं पडवीच्या दारात ठेवून गेली. पेज खाल्ली. चव लागत नाही. पुन्हा घास घेतला. काहीच नाही. भाताचा वास येतोय की नाही तेही सांगता येत नाही, पण चव अजिबात नाही.

चव जाणं हे मुख्य लक्षण आहे. मागच्या वेळी सगळ्या पेपरात होतं. पुस्तकातही काही तरी आहे.

आदेशला फोन लावला. तो कंपनीत होता, तरी उचलला. मी म्हटलं, माझी चव गेली.  तो म्हणाला, आई, कुठे आहेस? झोपून राहा. मी साहेबांना सांगतो, आज निघतो. प्रतिक्षा आणि दुर्वालाही घेऊन येतो, तुला एकटीला ठेवत नाही. मी म्हटलं, सावकाश या. गाद्या आता वाळल्यात.

साथ आली. मी सात मेलाच लिहून ठेवलंय. तांदूळ थोडा आहे, पोहे आहेत, डाळ आहे. मोरूशेठकडून आणखी मागवता येईल.

उठून गाद्या घातल्या. तीन.

१२.२०

कुंपणाच्या वरून रिझवानाची हाक. वैनी, गो वैनी, पेजेत मीठ घालायचा राहिला बघ! माझ्याकडचा संपलाय, तुझ्याकडचा घाल!

१२.४५

पेज तशीच पुढ्यात आहे. गाद्याही घातलेल्या आहेत. आदेश अजून साहेबांच्या केबिनमध्येच असेल. आता लगेच फोन केला तर त्याच्या कामात व्यत्यय यायचा.

१.१०

सांगितलं.

म्हटलं, आदेश, चव आहे. पेजेत मीठ नव्हतं.

 मला वाटलं तो रागावला. रागावला नव्हता. आवाज ह्यांच्यासारखा आला. म्हणाला, आई, मीठ घाल आणि पेज खा. गरम आहे तोवर.

मी हो म्हटलं. घरात मीठ नाही हे त्याला सांगितलं नाही.